खारेपाटणची ओहोटी

तालमीच्या स्मरणिकेसाठी नालेची हकीकत लिहायचं काम माझ्याकडं आलं, तेव्हा सगळ्यांना वाटलं की मी ते एका बैठकीत उरकीन. साहजिकच आहे. दर नागपंचमीला कुस्तीच्या हौद्याच्या काठावर उभं राहून ती हकीकत मीच सांगत आलो. ज्यांनी तालीम पाहिली नाही त्यांच्यासाठी सांगतो, नाल म्हणजे मधोमध भोक असलेला गोल जड दगड. पैलवान भोकात हात घालून तो खांद्यावर घेतो. आमची नाल काळीभोर, गुळगुळीत, चांगली मणभराची. कोकणातल्या एका खोतानं पैज लावली, उचलील त्याची नाल. आमच्या बाळू पैलवानानं ती उचलली आणि खोतानं त्याला फेटा बांधून नालेसकट निरोप दिला, असं मी सांगायचो. लहान पोरं तोंड उघडं टाकून ऐकायची.

खोत नव्हता. पैज नव्हती. तो फेटाही मीच बांधला.

नाल आम्ही खारेपाटणच्या खाडीवरून कुणाला न विचारता उचलून आणली. आम्ही म्हणजे बाळू, दत्तू आणि मी. विशीतली पोरं होतो. गुळाच्या ढेपा घेऊन एक ट्रक तिकडच्या बाजारात निघाला होता, त्यावर फुकट बसून गेलतो. संध्याकाळी नदीकडं फिरायला गेलो तर काठाच्या चिखलात एक होडी कलंडून पडलेली. पाणी तिच्यापासून लांब, पार मधल्या धारेला. होडीपासून एक दोर गेलेला आणि त्याच्या टोकाला हा दगड. बाळू म्हणाला, "आयला, नाल! हितं कशाला पडलीया?" कोरड्यात पडलेली होडी, म्हणजे कुणी टाकून दिलेली, असा आमचा सरळ हिशेब. दत्तूनं गाठ सोडली, बाळूनं दगड खांद्यावर घेतला, मी पुढं होऊन कुणी बघतंय का ते पाहिलं. रिकाम्या ट्रकमधून नाल कोल्हापुरात आली.

एवढंच असतं तर कदाचित मी म्हातारपणी उठून कुठं गेलो नसतो. पण त्याच वर्षी पावसाळ्याच्या तोंडावर एक माणूस तालमीत आला. मी एकटाच होतो, हौद्यातली माती उकरत होतो. लुंगी, वर पांढरी टोपी, हातात दोन शहाळी. त्यानं शहाळी दारात ठेवली, नालेपाशी गेला, उकिडवा बसला आणि भोकाच्या कडेवर अंगठा फिरवू लागला. तिथं एक खाच आहे. त्याचा अंगठा त्या खाचेत बरोबर बसला.

"ही खाच कशानं पडली?" त्यानं विचारलं.

"आमच्या पैलवानांच्या हातांनी."

"दगड कुठला?"

"इथलाच. आज्याच्या वेळचा."

तो माझ्याकडं बघत राहिला. त्याच्या नजरेत राग असता तर मला सोपं गेलं असतं. मी घाबरलो आणि म्हणालो, "अंबाबाईची शपथ."

तो उठला. "मग नव्हे," एवढंच म्हणाला. मी त्याला दूध दिलं, ते तो उभ्यानं प्याला आणि गेला. शहाळी तिथंच राहिली. बाळूनं आणि दत्तूनं संध्याकाळी ती फोडली. मी पाणी प्यालो नाही, एवढंच काय ते माझं पुण्य.

स्मरणिकेचं लिहायला बसलो आणि खोताचं नाव काय द्यावं इथं हात अडला. म्हटलं, पुरे झालं. खारेपाटणला जायचं. तो माणूस असेल तर त्याला, नसेल तर त्याच्या घरच्यांना सांगायचं, आणि मगच लिहायचं. सकाळी निघून रात्री परत येता येईल असं गाव आहे.

गगनबावड्याच्या वाटेवर

माघातली सकाळ. दत्तूची ओम्नी, दत्तूच चालक; बाळू आता नाही. तो सोबतीला आला म्हणणं बरोबर नाही, तो मला अडवायला आला. फुलेवाडी सुटल्यापासून त्याचं सुरू होतं.

"माणूस मेला असंल की लेका. आता कुणाला सांगतोस? आणि काय सांगतोस? दगूड नेला म्हून?"

"घरची असतील."

"घरची म्हणतील, ह्या म्हाताऱ्याला उन्हं लागली. बघ, मी सांगून ठिवतो. मासं खायचं, किल्ला बघायचा, घरला यायचं."

रस्त्यात उसाच्या ट्रॉल्या. कळे गावाच्या पुढं एका गुऱ्हाळावर थांबून ताजा गूळ खाल्ला. एकेकाळी हाच गूळ बैलांच्या पाठीवरून घाटाखाली उतरायचा आणि खारेपाटणच्या धक्क्यावर गलबतात चढायचा. तिकडून मीठ, सुकी मासळी, खजूर वर यायचा. आमच्या जिभेवरचं मीठ कित्येक पिढ्या त्या गावातून आलं आहे आणि आम्हाला त्या गावाचं नावही धड माहीत नसतं.

गगनबावड्याला धुकं होतं. भुईबावडा घाट उतरताना दत्तू गप्प झाला, कारण वळणं अशी की बोलायला सवड नाही. एका वळणावर समोरून एसटी आली. आम्ही कडेला सरकलो आणि ओम्नीचं चाक गटाराच्या काठावर लटकलं. एसटीचा ड्रायव्हर खिडकीतून ओरडला, "पावणं, गाडी हाय का घमेलं?" मग त्यानंच उतरून हात लावला. घाट संपला आणि हवा बदलली. स्वेटर काढले. आंब्याला मोहोर, काजूला बारीक बोंडं, आणि जमीन तांबडी. आमच्या काळ्या रानातून आलेल्या डोळ्याला ती अजून भाजायची राहिलेली वीट वाटते.

धक्का

खारेपाटण हे आज महामार्गालगतचं एक लहानसं बाजाराचं गाव आहे. गाड्या पुलावरून गोव्याकडं सुसाट जातात, खाली बघायला कुणाला वेळ नाही. पण शिलाहार राजांच्या काळापासून इथं बंदर होतं. इथं सापडलेल्या ताम्रपटावर राजांची वंशावळ कोरलेली आहे. समुद्र इथून बराच लांब, विजयदुर्गाला. तिथून गलबतं खाडीनं आत आत येत आणि इथं माल उतरवत. मग खाडी गाळानं भरत गेली आणि गलबतं खालच्या खाली थांबू लागली. टेकडीवरच्या लहान किल्ल्यात आता झाडी माजली आहे. आम्ही अर्ध्यावरून परत फिरलो, कारण दत्तूचे गुडघे.

धक्क्याच्या वाटेवर एका चहाच्या हॉटेलात थांबलो. मालक आमच्याहून आठ-दहा वर्षांनी लहान, बनियनवर, रेडिओ कानाशी.

"खंयसून इलात?"

"कोल्हापूर."

"घाटावरचे मां! तरीच चायत इतकी साखर घातलास." तो स्वतःशीच हसला. "जेवूक होया तर धक्क्यावर खतीजाबीकडे जावा. आधी सांगून ठेवा, ती कुणासाठी थांबूची नाय."

धक्का म्हणजे जांभ्या दगडाच्या थोड्या पायऱ्या, खालच्या चिखलात गेलेल्या. मला जागा लगेच ओळखू आली. तोच चिखल, तसंच लांब गेलेलं पाणी, तशाच दोन होड्या कलंडून पडलेल्या. पन्नास वर्षांत कुणी हलवल्याच नाहीत असं वाटावं. एका होडीच्या दोराच्या टोकाला लोखंडी नांगर होता.

मला अगदी जवळ जाऊन बघायचं होतं. चिखल वरून वाळलेला दिसत होता. मी नवीन कापशी चपला पायातून काढल्या, होडीच्या बाजूला कोरड्या जागी नीट जोडून ठेवल्या आणि अनवाणी दोन पावलं पुढं गेलो. नडगीपर्यंत आत. दत्तू पायरीवरून खदाखदा हसला. "पैलवान, हौद्यात उतरला व्हय? आता शड्डू ठोक!" त्यानं काठी पुढं केली आणि मी कसाबसा वर आलो. पाय धुवायला वरच्या घराशी गेलो. तेच खतीजाबीचं घर निघालं. जेवायचं सांगितलं, ओट्यावर बसलो आणि चपला खालीच राहिल्या.

खतीजाबीचा ओटा

खतीजाबी साठीच्या पुढची, सडसडीत, आवाज मोठा. घरच्यांशी तिची वेगळी बोली, आमच्याशी साधी मराठी. कमी बोलायचं तिला माहीत नव्हतं. तांदळाची भाकरी पातळ, पांढरी, हातात घेतली तर पलीकडचं दिसेल अशी. बोय माशाचं कालवण, तिसऱ्यांचं सुकं, वाटीत सोलकढी. दत्तूनं कालवणाकडं बघून विचारलं, "ह्याला तर्री न्हाय?"

"तर्री म्हणजे?"

"वर तेलाचा लाल थर. आमच्याकडं तांबड्या रश्श्याला असतोय."

"मासा खाऊन बघा आधी. मग तेल ओतते वाटलं तर." दत्तूनं मासा खाल्ला आणि पुन्हा तर्रीचं नाव काढलं नाही. तिसऱ्या कशा खायच्या ते मात्र त्याला जमेना. शिंपल्यासकट चावायला गेला. ती त्याच्या हातातून शिंपली काढून घेऊन म्हणाली, "भाऊ, दात आहेत ते राहू देत!"

मी जेवत होतो आणि सुरुवात कशी करावी ते मनात जुळवत होतो. इथं पूर्वी कुणी होडीवाला होता का, असं विचारायचं ठरवलं होतं. पण हात धुवायला ओट्याच्या टोकाला गेलो, खाली पाहिलं, आणि तांब्या हातातच राहिला.

चिखल नव्हता. सकाळी जिथं मी रुतलो तिथं पाणी होतं, तपकिरी, गच्च, पायऱ्या बुडवून वर आलेलं. कलंडून पडलेल्या दोन्ही होड्या सरळ उभ्या राहून डुलत होत्या. आणि माझी एक चप्पल पाण्यावर चालली होती. समुद्राकडं नव्हे, उलटी, डोंगराकडं. पाऊस नाही, पूर नाही, आणि नदी मागं वाहत होती.

"दत्तू," मी म्हणालो. खाली बोट दाखवलं.

दत्तू खरकट्या हातानं आला. त्यानं चप्पल पाहिली, होड्या पाहिल्या. "आरं तिच्यायला! नदी उलटी!"

खतीजाबी पदराला हात पुसत आली आणि पोट धरून हसली. "भरती आली, भाऊ! चिखलात कुणी चपला ठेवतं? आता वर जाईल, ओहोटीला येईल परत. आली तर आली."

समुद्राला भरती येते हे शाळेत शिकलो होतो. पुढं रत्नागिरीला समुद्रही पाहिला. पण डोंगराच्या पायथ्याशी, समुद्र डोळ्याला दिसत नाही अशा जागी नदी दिवसातून दोनदा भरते आणि दोनदा रिकामी होते, हे मला त्या क्षणापर्यंत ठाऊक नव्हतं. आमची पंचगंगा एकाच दिशेला वाहते. तिच्या काठी कोरड्यात पडलेली होडी मोडकी असते. इथली कोरड्यातली होडी फक्त पाण्याची वाट बघत असते. मी सरळ उभ्या राहिलेल्या होडीकडं बघत होतो, तिचा दोर ताणलेला होता, आणि त्या संध्याकाळी आम्ही काय केलं होतं ते मला पन्नास वर्षांनी कळलं. तोवर मी स्वतःला दगडाचा चोर समजत होतो.

दत्तूला अजून उलगडा झाला नव्हता. त्यानं सहज विचारलं, "मग दोर काढला तर हो?"

"मग काय, जाते. पाणी कुणासाठी थांबतं? आमची गेली तशी."

हसन तांडेल

तिनं ते ओट्यावर बसून, तिसऱ्यांचे शिंपले गोळा करत, आलेल्या पाहुण्याला सांगावं तसं सांगितलं. मला मध्येच थांबवायला पाहिजे होतं. मी थांबवलं नाही.

तिचे वडील हसन तांडेल इथून पलीकडच्या वाड्यांना माणसं न्यायचे. पूल नव्हता तेव्हाची गोष्ट. होडी आजोबांपासूनची, नांगराचा दगडही आजोबांपासूनचा. ती दहा वर्षांची असताना एका रात्रीच्या भरतीनं होडी उचलली, ओहोटीनं ओढून नेली, आणि खाली खडकावर तिच्या फळ्या सापडल्या. दोर शाबूत, दगड नाही.

"गाव म्हणालं, हसन नांगर टाकायला विसरला. होडीवाल्यानं नांगर टाकायला विसरणं म्हणजे काय, तुम्हाला नाही कळायचं. पलीकडची माणसं म्हणाली, ह्याच्या होडीत पोरं कशी बसवायची? माणसं पलीकडं न्यायचं काम दुसऱ्याला गेलं. बाबा म्हणायचे, मी टाकला होता. स्वतःच्या हातानं उचलून चिखलात ठेवला. मग दगड कुठं गेला? दगड काय पोहतो?"

दत्तू माझ्याकडं बघत नव्हता. तो खाली जमिनीकडं बघत होता.

"कुणीतरी सांगितलं, त्या दिवशी गुळाचा ट्रक आलेला, कोल्हापूरची तीन आडदांड पोरं धक्क्यावर फिरत होती. बाबा कोल्हापूरला गेले. तालमी विचारत फिरले. एका तालमीत दगड दिसला, हुबेहूब. अंगठासुद्धा बसला खाचेत, म्हणायचे. पण तिथला मुलगा म्हणाला, आमचा आहे, आज्याच्या वेळचा. अंबाबाईची शपथ घेतली त्यानं. बाबा परत आले आणि म्हणाले, तो नव्हे. माझी आई म्हणाली, अहो, खाच जुळते ना? तर तिच्यावर ओरडले. म्हणाले, पोरगा देवीच्या गावात उभा राहून देवीची शपथ घेतो, तो खोटं बोलेल? असं मनात आणणं पाप आहे."

तिनं शिंपल्यांचं घमेलं बाजूला सारलं.

"मग उरला चिखल. दगड चिखलात खोल गेला असणार, दुसरं काय? ओहोटी लागली की बाबा काठी घेऊन खाली. काठी खुपसायची, दगड लागतो का बघायचं. पोरं वरून ओरडायची, हसन खुळो, गावला काय रे? म्हातारे झाले तरी जायचे. शेवटी शेवटी म्हणायला लागले, खतीजा, मीच विसरलो असेन गो. माझ्याच्यानं आठवत नाही आता. ठेवला असं वाटतं, पण ठेवला नसेन."

मी आजवर पुष्कळ मयती पाहिल्या, फौंड्रीत कामाला असताना वितळलेलं लोखंड अंगावर सांडलेला माणूस पाहिला. पण त्या वाक्यानं मला जसं हलवलं तसं कशानंच हलवलं नव्हतं. दगड नेला, होडी नेली, काम नेलं, हे सगळं माझ्या कल्पनेच्या पलीकडचं असलं तरी समजण्यासारखं होतं. पण त्या माणसाच्या स्वतःच्या हाताची आठवण मी त्याच्याकडून काढून घेतली होती, तीही एका शपथेनं.

मी म्हणालो, "ते विसरले नव्हते."

"काय?"

"नांगर टाकलेला होता. आम्ही काढून नेला. शपथ घेतली तो मी."

तिनं माझ्याकडं पाहिलं, मग दत्तूकडं. सकाळपासून मला गप्प बसवायला आलेला दत्तू तेव्हा बोलला, आणि जे बोलला ते मलाही नवीन होतं.

"गाठ मी सोडली. गाठ वल्ली हुती." त्यानं काठी ओट्यावर आडवी ठेवली. "वल्ली गाठ सुटत न्हवती, दातानं सोडवली. खारट लागली. मला तवाच वाटलं हुतं, होडी वापरातली हाय. मी बोललो न्हाय."

"टाकला होता," खतीजाबी म्हणाली. ती आमच्याशी बोलत नव्हती. "बाबांनी टाकला होता."

मी हात जोडले. माफीचं काहीतरी पुटपुटलो. तेव्हा मात्र तिचा आवाज चढला.

"माफीचं मला सांगू नका. मी पण त्यांना विसरभोळे म्हणायची. जेवायला बसले की म्हणायची, बाबा, पाणी घ्यायला विसरू नका, नांगर टाकायला विसरलात तसं. आणि हसायची." ओट्याच्या खांबाला धरून ती उभी राहिली. "शपथ का घेतलीत? नुसतं नाही म्हणाला असतात तर ते परत आले असते. गावातली दोन माणसं घेऊन आले असते, भांडले असते, दगड उचलून आणला असता. शपथ का घेतलीत?"

मी जोडलेले हात खाली घेतले.

चहाच्या हॉटेलात

तिनं आम्हाला जाऊ दिलं नाही. डोक्यावर पदर ओढला आणि म्हणाली, "चला." मी अनवाणी, दत्तू काठी टेकत, आम्ही तिच्या मागून वर चढलो. ती थेट चहाच्या हॉटेलात शिरली आणि मालकाला म्हणाली, "रज्जाक, रेडिओ बंद कर. ह्यांना काही सांगायचं आहे."

बाकड्यावर पाच-सहा माणसं होती. मी सांगितलं. नाल, ट्रक, गाठ, शपथ, सगळं. मी तालमीत शेकडो लोकांसमोर खोताची गोष्ट न अडखळता सांगत आलो, तिथं मात्र मला खरं सांगताना शब्द मिळेनात. खतीजाबी मध्येच म्हणाली, "मोठ्यानं. मागं ऐकू जात नाही." मी मोठ्यानं सांगितलं.

कुणी मारायला उठलं नाही. ते सोपं झालं असतं. रज्जाक, ज्यानं सकाळी आमची साखरेवरून चेष्टा केली होती, तो हातातलं फडकं पिळत बसला. मग म्हणाला, "हसन खुळो म्हणान ओरडणाऱ्यांत मी पण होतंय गो, खतीजा."

"माहीत आहे मला," ती म्हणाली.

परत निघताना तिनं मला एकच विचारलं. "तुमच्याकडं तो दगड कोण उचलतं?"

"पैलवान. नागपंचमीला. पंचक्रोशीतनं लोक बघायला येतात, टाळ्या पडतात."

"बाबा रोज उचलायचे," ती म्हणाली. "होडीतून चिखलात, चिखलातून होडीत. कधी कधी दिवसातून चारदा. आईनं टाकलेला भात कच्चा राहिला तर त्यावरून भांडायचे, पण दगडाबद्दल कधी जड म्हणाले नाहीत."

दगड परत आणून देतो, मी म्हणालो. ती म्हणाली, आता त्याचं काय करू, होडी नाही, बाबा नाहीत. मग म्हणाली, विचार करून सांगते. दत्तूचा फोन नंबर तिनं घेतला. माझा घेतला नाही.

घरी

निघताना एक चप्पल पायऱ्यांशी अडकलेली सापडली, ती घेतली. मी एका चपलेनं घरी आलो. दुसरी अजून तिकडंच आहे.

दुसऱ्या दिवशी तालमीत जाऊन सगळं सांगितलं. आताचे अध्यक्ष माझ्या पुतण्याच्या वयाचे. भला माणूस. डोक्याला हात लावून बसले आणि म्हणाले, "काका, नागपंचमी होऊ द्या. एवढी एक नागपंचमी. मग काय ते बघू." मी म्हणालो, पाऊस लागला की खाडीला पूर येतो, मग तो चिखल दिसत नाही. चिखल दिसायला पाहिजे. एवढं मी शिकून आलो आहे.

त्यांनी मग फार ताणलं नाही. दुसरी नाल जोतिबाच्या डोंगरातल्या दगडाची घडवून घेऊ, म्हणाले. घ्या. पण तालमीच्या भिंतीवर नाल उचलणाऱ्यांची नावं रंगवली आहेत, त्यात सगळ्यात वर बाळू पैलवानाचं आहे. बाळू माझा जिवलग होता, त्याच्या नावाला मी हात लावा म्हणणार नाही. त्याच्या वर एका ओळीची जागा मोकळी आहे, तिथं हसन तांडेल, खारेपाटण, एवढं रंगवावं. रंगवायला मी उभा राहतो. आणि खोताची गोष्ट इथून पुढं कुणी सांगू नये. ज्यांनी ती माझ्या तोंडून ऐकली आणि आपल्या पोरांना सांगितली, त्यांनी आता हीही सांगावी.

खतीजाबीचा फोन चार दिवसांनी दत्तूला आला. दत्तू तो फोन कानाला लावून उभा होता, नुसता व्हय व्हय करत. फोन ठेवल्यावर त्यानं मला सांगितलं ते तिच्याच शब्दांत लिहितो.

"आणा. धक्क्यावर जिथं होता तिथं ठेवा. पण भरतीला आणू नका, ओहोटी बघून आणा. बाबा ओहोटीलाच शोधत होते."

तेव्हापासून दत्तू रोज पंचांग घेऊन बसतो. कुठल्या तिथीला पाणी कधी उतरतं ते रज्जाकला फोन करून विचारतो, त्याच्याशी भांडतो आणि मग कागदावर मांडतो. पाडव्यानंतरच्या दशमीला सकाळी उजाडताच निघायचं ठरलं आहे. ओम्नीत नाल आणि आम्ही दोघं. नाल गाडीतून उतरवून चिखलात न्यायला आणखी चार धट्टीकट्टी माणसं लागतील. आमच्या तालमीत तेवढी निघतील असं मला वाटतं. येणाऱ्यांनी एक करावं, चपला गाडीतच ठेवून उतरावं.